अडीच एकराची द्राक्षबाग आणि ग्लोबलगॅप: हिशेब नेमका कुठे बसतो आणि कुठे फसतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. निफाड तालुक्यात अडीच एकर थॉमसन जातीचं द्राक्ष आहे, आजवर माल बांधावरच व्यापाऱ्याला दिला. आता एक निर्यातदार सांगतोय, ग्लोबलगॅप, म्हणजे युरोपातल्या खरेदीदारांचं शेतीपद्धतीचं प्रमाणपत्र, करून घ्या, किलोमागे भाव चांगला मिळेल. चुलते म्हणतात, ही शाश्वत शेतीची प्रमाणपत्रं म्हणजे मोठ्या बागायतदारांची चैन, लहान माणूस त्यात बुडतो. खरं कोणाचं? आणि या मानकांमुळे लहान फळबागायतदाराच्या खिशात काय पडतं, खिशातून काय जातं?

दोघंही अर्धंच सांगताहेत. मी वीसेक वर्षं शेतकरी गटांमध्ये अंतर्गत तपासणीचं काम केलंय. बाहेरचा ऑडिटर यायच्या आधी जो बागेत शिरतो आणि ज्याला बघून शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात, तो माणूस मी. माझी स्वतःची दोन एकर बाग असल्यामुळे आठ्या पाडून घेण्याचाही अनुभव आहे.

आधी भावाचं बोलू. ग्लोबलगॅपचा म्हणून काही वेगळा भाव नसतो. १९९७ साली युरोपातल्या मोठ्या किराणा साखळ्यांनी मिळून ‘युरेपगॅप’ नावाने हे मानक सुरू केलं, २००७ मध्ये त्याचं नाव ग्लोबलगॅप झालं. हे खरेदीदारांनी, स्वतःच्या दुकानात उद्या काही वाईट निघालं तर अंगावर येऊ नये म्हणून लिहिलेलं आहे. पाकिटावर त्याची ठळक जाहिरात नसते, त्यामुळे रॉटरडॅमच्या ग्राहकाने त्याच्यासाठी जास्त पैसे मोजायचा प्रश्न येत नाही. उत्पादकाला रास्त भाव मिळावा म्हणून असलेल्या ‘फेअरट्रेड’ प्रमाणपत्राचं तसं नाही. तिथे केळीच्या १८.१४ किलोच्या प्रत्येक पेटीमागे एक डॉलरचा अधिमूल्य निधी उत्पादक संघटनेला मिळतो आणि किमान भावही ठरलेला असतो. ग्लोबलगॅपमध्ये असं काही लिहिलेलं नाही. ते दाराचं तिकीट आहे. तिकीट नसेल तर आत सोडत नाहीत, आणि असलं म्हणून जेवण फुकट मिळत नाही.

मग निर्यातदार सांगतो तो जास्त भाव कुठून येतो? तो येतो १६-१८ मिलिमीटरच्या मण्याला, एकसारख्या रंगाला, साखरेला आणि रेसिड्यूच्या, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशांच्या, पास रिपोर्टला. आणि तो येतो फक्त तेवढ्याच मालाला. इथेच नवीन माणूस फसतो, म्हणून एक हिशेब मांडतो. आकडे हिशेबापुरते धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा देशी बाजारासाठी एकरी १२ टन माल धरला आणि सरसकट ४२ रुपयांनी दिला. पाच लाख चार हजार झाले. निर्यातीसाठी घड कमी ठेवावे लागतात, म्हणून एकरी १० टनच धरू. त्यातला ७० टक्के माल निर्यातीला ७५ रुपयांनी गेला आणि उरलेला ३० टक्के लोकलला २५ने. सहा लाख होतात. वरचे ९६ हजार दिसायला छान. पण विरळणीच्या जादा फेऱ्या, डिपिंगची (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवण्याची) मजुरी, महागडी औषधं, कागद लावणं या सगळ्याचे एकरी ६० हजार जास्त गेले, तर हाती उरतात ३६ हजार. अजून प्रमाणपत्राचा खर्च धरलेलाच नाही.

आता एकच आकडा बदलू. निर्यातीला ७० ऐवजी ५० टक्केच माल निवडला गेला. उत्पन्न पाच लाखांवर येतं, म्हणजे देशी बाजारापेक्षाही चार हजारांनी कमी, वर जादा खर्चाचे ६० हजार आहेतच. एकरी ६४ हजारांचा खड्डा. याच हिशेबात निवड साधारण ६३ टक्क्यांच्या खाली गेली की तोटा सुरू होतो. निर्यातदाराने भाव ७५ सांगितला की ७७, यावर आपण तासभर घासाघीस करतो. निवडीचं प्रमाण किती, ते कोण ठरवणार, बागेत ठरणार की पॅकहाउसवर, हे मात्र विचारत नाही. मालाचा निकाल पॅकहाउसवर लागणार असेल तर तुमचा भाव काट्यावर नव्हे, छाटणी करणाऱ्या बाईच्या कात्रीवर ठरतो, आणि त्या वेळी तुम्ही तिथे नसता.

लहान शेतकऱ्याचं खरं दुखणं याच्या पुढे आहे. मानकाचा बराचसा खर्च एकरावर चालत नाही, खातेदारावर चालतो. औषधांची कुलूपबंद खोली दोन एकरालाही एकच लागते आणि वीस एकरालाही एकच. औषध कालवायची जागा, मजुरांसाठी शौचालय, हात धुवायची सोय, पाण्याचा तपास, प्रशिक्षण, ऑडिटरची फी आणि त्याचं येणंजाणं, सगळं तसंच. समजा याचं वर्षाला ५० हजार बसतं. वीस एकरवाल्याला ते एकरी अडीच हजार पडतात, तुम्हाला वीस हजार. वरच्या हिशेबातल्या ३६ हजारांतून वीस हजार असे गेले की राहिलं काय? चुलत्यांचं बोलणं इथे शंभर टक्के बरोबर आहे. अडीच एकरावर स्वतःच्या एकट्याच्या नावाने प्रमाणपत्र घेऊ नका.

पण दुसरा रस्ता आहे, तो गटाचा. ग्लोबलगॅपच्या भाषेत एकट्याचा तो ‘ऑप्शन १’ आणि गटाचा ‘ऑप्शन २’. गटाने आपली अंतर्गत व्यवस्था उभी करायची, प्रत्येक सभासदाची वर्षातून एकदा आतूनच तपासणी करायची. बाहेरचा ऑडिटर मग सगळ्यांकडे जात नाही, सभासदसंख्येचं वर्गमूळ काढून तेवढ्यांकडे जातो. शंभर सभासद असतील तर दहा. फी वाटली जाते, माझ्यासारख्याचा पगार वाटला जातो, आणि एकरी खर्च मोठ्या बागायतदाराच्या जवळ येतो. महाराष्ट्राला हे नवीन नाही. १९९१ मध्ये द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन महाग्रेप्स उभी केली, तेव्हा प्रमाणपत्राचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. पण लहान माणूस युरोपात एकटा उभा राहू शकत नाही हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. पुढे दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्सने शेतकरी उत्पादक कंपनीच्या रूपात तेच मोठ्या आवाक्यात केलं.

गटात जाताना एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. प्रमाणपत्र कोणाच्या नावावर आहे? पुष्कळ ठिकाणी गट कागदावर शेतकऱ्यांचा असतो आणि प्रमाणपत्राचा धारक निर्यातदार असतो. खर्च तो करतो, तपासनीस त्याचा, फाइल त्याच्या ऑफिसात. शेतकऱ्याला वाटतं, फुकट झालं. मग मार्चमध्ये बाजार पडतो, निर्यातदार म्हणतो ठरलं होतं त्यापेक्षा बारा रुपये कमी देतो. तुम्ही दुसऱ्याकडे जायला निघता तेव्हा कळतं की त्या प्रमाणपत्राच्या जोरावर माल दुसऱ्या कोणाला देता येत नाही. फुकटच्या प्रमाणपत्राची किंमत त्या बारा रुपयांत वसूल होते. हे मी माझ्या गावात दोनदा बघितलंय. दोन्ही वेळा शेतकरी मुकाट्याने माल घालून आले, कारण पिकलेला घड वेलीवर किती दिवस थांबवणार? गट तुमचा असेल, प्रमाणपत्र गटाच्या नावावर असेल आणि वर्गणी तुम्ही भरत असाल, तर तीच वर्गणी सौद्याच्या वेळी तुमची ताकद असते.

आता रेसिड्यू. बोलताना लोक ग्लोबलगॅप आणि रेसिड्यू एकच समजतात. ग्लोबलगॅप खाजगी मानक आहे, तुम्ही शेती कशी करता ते बघतं. रेसिड्यूची मर्यादा हा युरोपचा कायदा आहे. २००८ पासून सगळ्या युरोपीय संघाला एकच मर्यादा लागू झाली, आणि ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रतिकिलो. म्हणजे दहा कोटींत एक भाग. एक टन द्राक्षांत दहा मिलिग्रॅम. यावर कडी म्हणजे काही साखळ्यांच्या, विशेषतः जर्मनीतल्या, स्वतःच्या अटी: कायद्याने जेवढं चालतं त्याच्या एक तृतीयांशच हवं, आणि एकूण चार-पाचपेक्षा जास्त औषधांचे अंश सापडायलाच नकोत. कायद्याने पास झालेला प्लॉट गिऱ्हाइकाकडे नापास होतो तो असा.

आपल्याकडे २००३ च्या सुमारास युरोपात भारतीय द्राक्षांतले अंश पकडले गेले, त्यानंतर रेसिड्यूच्या देखरेखीची व्यवस्था बसली. २००६ मध्ये अपेडाचं, म्हणजे शेतमाल निर्यातीसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेचं, ग्रेपनेट आलं. प्लॉटची कृषी विभागाकडे नोंदणी, त्याला क्रमांक, काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना नेणार, रिपोर्ट पास झाला तरच पॅकिंग. पेटी युरोपात पोचली तरी कोणत्या प्लॉटची ते सांगता येतं. व्यवस्था उत्तमच आहे. तरी २०१० मध्ये काय झालं? एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढ रोखून काडीत घड धरावा म्हणून आपण सगळे सीसीसी मारत होतो, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. ते आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. प्लॉट पास होऊन माल गेला, आणि युरोपच्या प्रयोगशाळेत सापडलं. कंटेनर अडकले, पैसे अडकले. त्या हंगामात ज्यांनी नियमाप्रमाणे सगळं केलं होतं तेही बुडाले. मोठ्या निर्यातदाराला एक वाईट वर्ष गेलं. दोन एकरवाल्याची पीककर्जाची फिरवाफिरव तीन वर्षं चुकली.

मानकांच्या अर्थकारणातली मला सगळ्यात खुपणारी गोष्ट हीच. धोका खाली ढकलला जातो. यादी कोणी केली, मर्यादा कोणी बदलली, याचा निर्णय हजारो मैल लांब होतो आणि भरपाई बांधावर होते. युरोपात २०२० मध्ये क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची मंजुरी संपली, त्याच वर्षअखेरीस मॅन्कोझेबचीही मुदत पुढे वाढवली नाही. आरोग्याच्या दृष्टीने निर्णय योग्य असतीलही, मी त्यावर वाद घालत नाही. पण मॅन्कोझेब हे डाऊनी या बुरशीरोगावरचं आपलं स्वस्तातलं हत्यार. त्याच्या जागी आलेली औषधं कितीतरी महाग आहेत, आणि तो फरक रॉटरडॅमच्या भावात कुठे मिळवलेला दिसला नाही.

माझाच एक किस्सा. एका वर्षी माझा प्लॉट फेल झाला, आणि जे औषध सापडलं ते मी त्या वर्षी बाटलीतही बघितलं नव्हतं. फवारणीची डायरी दहा वेळा उलटली. शेवटी लक्षात आलं की पश्चिमेच्या बांधाला टोमॅटो होते. शेजाऱ्याने वारं असताना ब्लोअर फिरवला होता. त्याचं काही चुकलं नव्हतं, त्याच्या पिकाला ते औषध चालतं. माझा माल मात्र ठरलेल्या भावाच्या निम्म्याच्या आसपास लोकलला गेला. मानकाच्या यादीत शेजारच्या शेतातून येणाऱ्या तुषारांचा विचार करा असं लिहिलेलं आहे, पण शेजाऱ्याशी बोलायचं मलाच. चार एकर सलग असणाऱ्याला कडेच्या दोन ओळी सोडून द्यायला परवडतात. माझ्या दोन एकरात कडाच जास्त आणि मध्य कमी.

पावसाचंही तसंच. फेब्रुवारीत ढगाळ हवा आली, चार थेंब पडले, की देशी बाजारवाला बिनघोर स्प्रे घेतो आणि झोपतो. तुम्हाला काढणीला वीस दिवस राहिलेत, औषधाचा पीएचआय, म्हणजे फवारणी ते काढणी यांत सोडायचा काळ, तीस दिवसांचा आहे, तर हात बांधून बसायचं. तेवढ्या रात्री ज्याने काढल्या त्यालाच ते कळतं. जैविक औषधं आहेत, वापरावीत, पण डाऊनी घडात शिरल्यावर त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. प्लॅस्टिकचं आच्छादन हा उपाय आहे, आणि तो पुन्हा भांडवलवाल्याचा. नवीन पेटंटच्या वाणांचंही तेच, परवाना आणि रोपं परवडणाऱ्याला ते वाण मिळतात.

एवढं वाईट बोलल्यावर तुम्ही विचाराल, मग मी हे काम इतकी वर्षं का करतोय? कारण एक फायदा असा आहे जो निर्यात झाली नाही तरी हाती राहतो, आणि तो त्या कंटाळवाण्या डायरीत आहे. ऑडिटच्या आदल्या रात्री वर्षभराची डायरी एकाच पेनाने, एकाच अक्षरात लिहिलेली मी शेकड्यांनी बघितलीय. पानाला मातीचा डाग नाही, थेंब नाही, वर पोराचं सुंदर अक्षर. अशा डायरीचा उपयोग शून्य. पण जो खरंच त्या दिवशीचं त्या दिवशी लिहितो, त्याला पहिल्याच हंगामानंतर काहीतरी सापडतं. आमच्या गटातल्या एकाला सापडलं की त्याने तीन वेगळ्या नावांच्या तीन बाटल्या आणल्या, आठवड्याच्या अंतराने मारल्या, आणि तिघींत घटक एकच होता. दुकानदाराने दिल्या, याने घेतल्या. त्याचे पैसे गेले, रोग हटला नाही, आणि अंश वाढला तो वेगळाच. घटकाचं नाव लिहायची सवय लागल्यावर त्याचं दुकानाचं बिल उतरलं. उधारीवर चालणाऱ्या बागेत दुकानाचं बिल उतरणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पान-देठ परीक्षण करून खत देणं, पाण्याची नोंद ठेवणं, याचंही तसंच. टंचाईच्या वर्षी ज्यांच्याकडे पाण्याच्या नोंदी होत्या त्यांनी घड किती ठेवायचे ते आधी ठरवलं. बाकीच्यांनी मे महिन्यात टँकर विकत घेतले.

मजुरांबद्दलही बोलायला हवं, कारण तो खर्चही आहे आणि न्यायही. पेठ, सुरगाण्याहून येणाऱ्या टोळ्या विरळणी आणि डिपिंग करतात, त्यात बायका जास्त. ग्लोबलगॅपला जोडून येणाऱ्या ‘ग्रास्प’ या भागात मजुरीची नोंद, वयाचा पुरावा, पिण्याचं पाणी, शौचालय हे सगळं बघितलं जातं. सुरुवातीला शेतकरी कुरकुरतात. पण टोळीची मुकादमीण दुसऱ्या वर्षी कोणाकडे आधी जाते ते बघा. जिथे आडोसा आहे, हातमोजे आहेत आणि पैसे वेळेवर मिळतात तिथे. डिपिंगला दोन दिवसांचा उशीर म्हणजे मण्याच्या साइजवर पाणी, त्यामुळे आधी येणारी टोळी ही नगद कमाई आहे. अर्थात त्या नोंदीत लिहिलेली मजुरी आणि हातात पडलेली मजुरी एकच असते का, हे ऑडिटरला दिसत नाही. मला दिसतं, आणि मी दर वेळी बोललोय असं म्हणणं खोटं होईल.

आणखी एक वर्ग आहे, जो या चर्चेत येतच नाही. खंडाने बाग करणारा. सातबारा त्याच्या नावावर नाही म्हणजे नोंदणी अडली. भावाभावांत वाटणी झालेली पण उतारा अजून वडिलांच्याच नावावर, त्यांचीही हीच अडचण. नवऱ्यामागे बाग सांभाळणाऱ्या कितीतरी बायका सगळं काम करतात आणि कागदावर कुठेच नसतात. मानक त्यांना मुद्दाम बाहेर काढत नाही, पण कागद मागणारी कुठलीही व्यवस्था आधी बिनकागदवाल्यालाच बाहेर ठेवते.

व्यापारी पळून जाण्याचा धोका तुम्ही विचारला नाहीत, पण तो हिशेबात धरा. देशी बाजारात परप्रांतातला व्यापारी विसार देऊन माल नेतो आणि चेक वटत नाही, हे आपल्याकडे दर हंगामात होतं. निर्यातीत माणूस सहसा पळत नाही, पण पैसे उशिरा येतात आणि सौदा ठोक भावाचा नसून ‘तिकडे जे विकेल त्यातून’ असा असेल तर कपात कुठे कुठे होते ते समजत नाही. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनंतर जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, प्रवास लांबला, पोचल्यावर मालाची कूज निघाली. तो तोटा शेवटी कोणाच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदात, वळता झाला असेल ते ओळखा. प्रमाणपत्र यातल्या कशालाच संरक्षण देत नाही. लेखी करार थोडंफार देतो.

तर तुमच्या अडीच एकराचं. यंदा निर्यातीसाठी एक एकरच धरा, तोही पश्चिमेकडून मोकळा नसलेला. उरलेल्या दीड एकरावर डायरी मात्र तशीच ठेवा, पुढच्या वर्षी तुलनेला कामी येईल. पिंपळगाव किंवा ओझरकडे चालू असलेल्या गटांपैकी दोन-तीन ठिकाणी जाऊन बसा, सभासदांकडून गेल्या हंगामाच्या पट्ट्या मागून घ्या, आणि निवडीचं प्रमाण किती आलं ते पट्टीवरून स्वतः काढा. ज्या गटातले लोक पट्टी दाखवायला कचरतील तिथे पुढचं विचारू नका. प्रमाणपत्राचा धारक कोण ते कागदावर बघा. दुकानाचं बिल कमी होण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही, ते आजपासून सुरू करा: बाटली घेताना नाव बाजूला ठेवून घटक वाचा. आणि ऑक्टोबरच्या सुमाराच्या गोडी छाटणीच्या आधी एकदा बांधापलीकडे जाऊन चहा घ्या, या वर्षी तिकडे टोमॅटो लावणार आहेत की कांदा, ते विचारून या.